अर्ध्या बँडची उणीव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांची थोरली कन्या परिचारिकेचे शिक्षण पुरे करून हैद्राबादेतील एका रुग्णालयात नोकरीस आहे. इंग्लंडात जाण्याचा तिचा मानस असल्यामुळे तिने इंग्रजीची आयईएलटीएस ही परीक्षा दिली होती. निकाल लागला तो असा : ऐकण्यात साडेसहा, वाचण्यात सहा. हवे होते दोहोंत सात. शहरातील एका शिकवणी वर्गाने 'हमखास सात' देण्याची हमी देऊन भरभक्कम रक्कम मागितली होती.

"फादर, विहिरीजवळचं अर्धा एकर काढावं म्हणतो. पोरीचं भलं होत असंल तर काय हरकत आहे?"

आम्ही म्हणालो, "दादा, इतकी घाई करू नका. पुढच्या महिन्यात आम्हांला हैद्राबादेस जाणे आहेच. मुलीला भेटून येतो, मग बोलू."

हैद्राबाद आपल्या मराठी माणसाला परके नव्हे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याची राजधानी तीच होती, आणि तेथील मराठी मंडळींनी १९०७ सालीच विवेकवर्धिनी ही शाळा उभारली होती. शिवाय, भाषा कशी शिकावी व शिकवावी या प्रश्नाचा या शहराने मोठा विचार केलेला आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. परंतु इंग्रजी हा विषय तेथे सक्तीचा होता. पुढे १९५८ साली याच शहरात इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी 'सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश' ही संस्था स्थापन झाली. १९७२ साली इतर परकी भाषा तिच्या कक्षेत आल्या, आणि २००७ साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तार्नाका भागात उस्मानियाच्या शेजारी ती आज उभी आहे.

आम्ही मुलीला तिच्या वसतिगृहात भेटलो. तिने आपली वही पुढे केली. रात्रपाळी संपवून येऊन ती दररोज एक पूर्ण नमुना-प्रश्नपत्रिका सोडवीत असे, गुण मोजीत असे, आणि खिन्न होऊन झोपी जात असे. तीन महिन्यांचे आकडे आम्ही पाहिले. पहिल्या दिवशी चाळिसापैकी सव्वीस, शेवटच्या दिवशी सत्तावीस! मुलगी आळशी नव्हती. मग चुकत होते कोठे?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक शहरातच राहतात. त्यांनी वही चाळली आणि हसून म्हटले, "बाळ, तू रोज ताप मोजतेस, औषध कधी घेतेस?" परिचारिकेला याहून नेमके उत्तर कोणते मिळणार? परीक्षा देणे म्हणजे ताप मोजणे होय. अभ्यास ही गोष्ट निराळी.

या परीक्षेचे स्वरूप वाचकांनीही समजून घ्यावे. आज अनेक घरांत तिचे नाव निघते. श्रवणाच्या भागात सुमारे तीस मिनिटे ध्वनिमुद्रण ऐकवितात. त्याचे चार भाग व चाळीस प्रश्न असतात. पहिल्या भागात दोघांचे व्यवहारातील बोलणे असते, शेवटच्या भागात एखाद्या विषयावरील व्याख्यान. प्रत्येक भाग एकदाच ऐकावयास मिळतो. परीक्षा कागदावर असल्यास उत्तरे उतरविण्यास दहा मिनिटे अधिक मिळतात; संगणकावर असल्यास तपासण्यापुरती दोनच. वाचनास साठ मिनिटे, तीन लांब उतारे आणि चाळीस प्रश्न. तेथे जादा वेळ नाही. चाळिसांपैकी तीसच्या आसपास उत्तरे बरोबर आली की साधारणतः सात बँड मिळतो. म्हणजे आमच्या कन्येचे अंतर अवघ्या तीन-चार उत्तरांचे होते!

शिक्षकांनी तिच्या वहीत तीन रकाने आखून दिले. दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण घ्यावयाचे. प्रथम नुसते ऐकून सारांश मनात धरावयाचा. मग एकेक वाक्य थांबवून ऐकलेले लिहून काढावयाचे. आपल्या मराठी शाळेतील श्रुतलेखनच ते! नंतर छापील संहिता समोर ठेवून चुका तांबड्या शाईने दाखवावयाच्या. शब्दच ठाऊक नव्हता, ती चूक पहिल्या रकान्यात. शब्द ठाऊक होता पण कानाने ओळखला नाही, ती दुसऱ्यात. ऐकला बरोबर पण स्पेलिंग चुकले, ती तिसऱ्यात. कारण स्पेलिंग चुकले की गुण जातो. अखेरीस तोच उतारा ध्वनिमुद्रणाबरोबर मोठ्याने म्हणावयाचा.

पंधरा दिवसांनी पाहता सर्वाधिक चुका दुसऱ्या रकान्यात निघाल्या. याचे कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत बहुतेक प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत आघात असलेले अक्षर ठणठणीत वाजते आणि बाकीची गिळली जातात. आपण 'कम्फर्टेबल' असा शब्द शिकतो. बोलणारा 'कम्फ्टबल' असे काहीसे म्हणून पुढे निघून जातो. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत पुष्कळदा आघाताच्या जागेवरूनच फरक कळतो. 'ऑफ', 'टू', 'फॉर', 'अँड' ही तर वाक्यात जवळजवळ विरून जातात. डोळ्यांनी शिकलेली भाषा कानाला अनोळखी वाटते ती यामुळे. आणखी एक खोच आहे. बोलणारा आधी मंगळवार म्हणतो, आणि लगेच, छे, बुधवार बरा, असे सुधारतो. पहिला शब्द ऐकताच लेखणी टेकणारा तेथे फसतो.

वाचनातील दोष निराळा होता. मुलगी प्रत्येक वाक्याचे मनात मराठी करी. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. त्यामुळे प्रत्येक वाक्य तिला दोनदा वाचावे लागे, आणि तिसरा उतारा निम्मा राहून जाई. शिक्षकांनी तिला वर्तमानपत्रातील एक विज्ञानविषयक लेख रोज वाचावयास सांगितला. एक परिच्छेद संपला की मान वर करावी, आणि त्यात काय सांगितले ते एका वाक्यात स्वतःशी बोलावे. मराठीत बोलले तरी चालेल. अर्थ ज्याच्यावाचून अडतो तेवढाच शब्द कोशात पाहावा. घड्याळ लावावयाचे ते महिन्यानंतर.

या परीक्षेतील एक प्रकार पुष्कळांना नडतो. दिलेले विधान खरे, खोटे, की उताऱ्यात त्याविषयी काही सांगितलेलेच नाही, हे ठरवावयाचे असते. समजा, उताऱ्यात लिहिले आहे, 'या शाळेत मुलींसाठी वसतिगृह आहे.' विधान असे : 'या शाळेत मुलांसाठी वसतिगृह नाही.' घाईचा विद्यार्थी 'खरे' म्हणून मोकळा होतो. वस्तुतः मुलांच्या वसतिगृहाविषयी उतारा मुकाच आहे. जे लिहिले नाही ते आपल्या पदरचे घालू नये, एवढाच हा धडा. आणि परीक्षेबाहेरही तो आपणांस पुष्कळदा उपयोगी पडेल.

परत आल्यावर आम्ही दादांना दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. बँडची हमी कोणताही वर्ग देऊ शकत नाही, कारण उत्तरपत्रिका तपासणे त्याच्या हाती नसते. वर्गाला जाणे वाईट नव्हे. वेळेची शिस्त तेथे लागते. परंतु तेथे चुका कोणी तपासून देतो काय, हे आधी विचारावे. परीक्षेचे शुल्कच सतरा हजार रुपयांच्या वर गेले आहे, आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो; म्हणून तयारी नसता तारीख घेणे हा तोटाच. नमुना-प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. तीच मुलीला पुरेशी झाली.

या हिवाळ्यात ती पुन्हा परीक्षेस बसली. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात साडेसहा! दादांनी फोनवर निकाल सांगितला तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद होता की निराशा, हे आम्हांला प्रथम कळेना. वाचनाचा अर्धा बँड अजून उणा आहे, म्हणून तिला पुन्हा बसावे लागणार. पण यंदा त्या उण्या अर्ध्याचे कारण तिला ठाऊक आहे, आणि ते तिच्या वहीत लिहिलेले आहे. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात या हंगामात हरभरा उभा आहे.

नाताळात ती सुट्टीवर आली असता आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर दिव्याखाली तिचा नववीतला भाऊ बसला होता. ताई शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला इंग्रजीतून सावकाश वाचीत होती, आणि तो ऐकून लिहून घेत होता. कथा त्याला मराठीत तोंडपाठ आहे. अर्थाची चिंता नसल्याने कान मोकळा राहतो, ही युक्ती ताईचीच. मुलाच्या वहीत तीन रकाने आखलेले आम्ही पाहिले.

ज्यांच्या घरी शिकणारी मुले आहेत त्यांनी रात्रीच्या जेवणापूर्वी एवढी पंधरा मिनिटे काढावी. त्याला ना शुल्क लागते, ना शेत विकावे लागते.