चॉकलेट केकमध्ये कॉफी कशासाठी?

चॉकलेट केकमध्ये कॉफी दोन कामे करते. गरम द्रवाने कोको पावडरमधला स्वाद खुलतो, आणि कॉफीचा भाजकट कडवटपणा चॉकलेटची चव गडद करतो. चमचाभर इन्स्टंट कॉफीने केक कॉफीचा लागत नाही, नुसता जास्त चॉकलेटी लागतो. कॉफीची चव ठळक हवी असेल तर प्रमाण दुप्पट-तिप्पट करावे लागते.

सात इंची टिनसाठी 125 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम कोको, 150 ग्रॅम साखर, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, 1 अंडे, 60 मिली तेल, 120 मिली ताक आणि तेवढीच गरम, कडक कोरी कॉफी लागते. कॉफी सगळ्यात शेवटी, हळूहळू ओतायची. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखे पातळ होते. ते पाहून अनेक जण घाबरून मैदा वाढवतात आणि केक कोरडा होतो. पातळपणाच या केकच्या ओलसरपणाचे कारण आहे.

सोड्याला आंबट घटक लागतो. तो ताकातून आणि साध्या कोकोतून मिळतो. डच प्रोसेस कोकोची आम्लता काढलेली असते, म्हणून तो वापरताना ताक वगळू नये. चिकोरी मिसळलेली कॉफी जास्त कडवट लागते. शक्यतो शुद्ध कॉफी घ्यावी.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 175 अंशांवर 30 ते 35 मिनिटे पुरतात. मध्यभागी टोचलेली काडी एखाद-दुसऱ्या ओलसर कणासह बाहेर आली की केक लगेच काढावा. दुसऱ्या दिवशी तो अधिक चविष्ट लागतो.