चित्रातली बाई आणि चित्रकार बाई

औंधच्या भिंती
स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, एम. व्ही. धुरंधर यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालक शिल्प तिथे पाहायला मिळते. बाई हा कलावंतांचा आवडता विषय. पण ही गाजलेली नावे पुरुषांचीच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाबद्दल ‘गरिला गर्ल्स’ या गटाने १९८९ मध्ये हाच हिशेब मांडला : आधुनिक विभागात स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत मात्र ८५ टक्के स्त्रिया.

शिकायची वाट
युरोपातल्या बहुतेक कलाशाळांनी मुलींना नग्न मॉडेलसमोर बसून शरीररचना शिकू दिली नाही, ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. त्या अभ्यासाशिवाय मोठी पौराणिक, ऐतिहासिक चित्रे जमत नसत, आणि मान तर त्यांनाच होता. कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९७१ च्या निबंधात हे दाखवून दिले. आपल्याकडे पहिला अडसर घरचा. म्हणून पुढे आल्या त्या बहुधा चित्रकारांच्या घरातल्या : रविवर्म्यांची बहीण मंगलाबाई, धुरंधरांची मुलगी अंबिका. अंबिकाबाईंनी १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवली. तरी त्यांची ओळख आजही वडिलांच्या नावाने करून द्यावी लागते.

गटाबाहेरच्या
१९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहाही संस्थापक पुरुष. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांनी १९५३ मध्ये या गटासोबत चित्रे मांडली. पुढे त्या वेशभूषेकडे वळल्या आणि भानू अथैया म्हणून ऑस्कर विजेत्या ठरल्या. केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय कलानिधी’ ठरवलेल्या नऊ चित्रकारांत स्त्री एकच : अमृता शेरगिल.

कला की घरकाम?
वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचे चित्र, परंपरेने सवाशिणी लिहितात. ही चित्रे कागदावर उतरली, बाजारात गेली, तेव्हा जगाला नाव कळले ते जिव्या सोमा म्हसे यांचे. पद्मश्रीचा मान त्यांनी आपल्या हाताच्या बळावर मिळवला, यात वाद नाही. पण पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या बाया अनामिकच राहिल्या. सातारा-सांगलीकडची वाकळ घ्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे रंग पाहून जुळवायचे, कडेपासून आत ओळीने धावदोरा घालत जायचे. ही रंगसंगती आणि रचनाच आहे. तरी तिला ‘हौस’ म्हणायचे आणि शिवणारीचे नाव कुठेच लिहायचे नाही.

काय करता येईल?
प्रदर्शन भरवणाऱ्यांनी वाकळ, रांगोळी, भरतकामाखाली करणारीचे पूर्ण नाव, गाव आणि साल लिहावे. चित्र विकत घेणाऱ्या संस्थांनी आपल्या नोंदवहीत स्त्रियांची नावे किती, हे मोजून जाहीर करावे. दोन्हींना फारसा खर्च नाही.