चष्म्यावरील दिवा

गूगल कंपनीने २०१३ साली निवडक ग्राहकांना १५०० डॉलरला दिलेला ‘ग्लास’ हा चष्मा पाहताक्षणीच निराळा वाटे. उजव्या डोळ्यावरचा त्याचा काचेचा ठोकळा आणि शेजारचा कॅमेरा समोरच्यास खटकत असे. सिॲटलमधील काही उपाहारगृहांनी त्यास मज्जाव केला. तो घालणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक शिवीही रूढ झाली. (नापसंतीला शब्द किती लवकर सापडतो!) जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसाधारण विक्री थांबली.

पुढे २०२१ साली फेसबुकने रे-बॅनच्या नेहमीच्या चौकटीतच कॅमेरा बसविला. ऑक्टोबर २०२३ मधील सुधारित आवृत्तीचे वीस लाख चष्मे विकले गेल्याचे उत्पादक एसिलोरलक्सोटिकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. चष्मा चष्म्यासारखाच दिसतो, हे या यशाचे एक मोठे कारण होय. आणि भीतीचे कारणही तेच.

चित्रण चालू असता चौकटीवर एक बारीक दिवा लागतो. हा एक संकेत आहे. परंतु संकेत करणाराने ठरविला म्हणून तो सिद्ध होत नाही, पाहणारासही तो ठाऊक असावा लागतो. आयर्लंड व इटलीच्या नियामकांनी सप्टेंबर २०२१ मध्ये नेमकी हीच शंका उपस्थित केली, आणि दिवा परिणामकारक असल्याचे दाखवून देण्यास कंपनीस सांगितले.

२०२४ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असा चष्मा चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीशी जोडून अनोळखी माणसांची नावे व पत्ते मिळविता येतात, हे दाखवून दिले. दिवा चित्रणाची वर्दी देतो. त्या चित्राचे पुढे काय होते, हे सांगणारी खूण चौकटीवर नाही.