पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, नाहीतर ऑनलाइन मागवायचे, व्हिडिओ बघत बघत ते जोडायचे आणि दुकानदाराची मजुरी वाचवून स्वतःचा पीसी स्वतः असेंबल करायचा. ही हौस करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, रंगीबेरंगी दिवेही लागले. स्क्रीन मात्र काळाच. दुकानांच्या भाषेत ‘डिस्प्ले येत नाही’. घरातला तज्ज्ञ (तो प्रत्येक घरात एक असतोच) लगेच निकाल देऊन मोकळा होतो: मदरबोर्ड गेला!

मदरबोर्ड असा सहजासहजी जात नाही. बऱ्याचदा यंत्र सुरू झालेलं असतं आणि वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. कुठे अडलंय, हे ते आपल्या परीने सांगतही असतं.

आधी पंख्यांचं बघू. पंखा फिरतोय याचा अर्थ पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट बाहेर पडताहेत, एवढाच. बटण दाबण्याआधीसुद्धा जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट असतातच. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो, पॉवर सप्लाय जागा होतो, सगळे व्होल्टेज जागेवर आल्यावरही १०० ते ५०० मिलिसेकंद थांबतो आणि मगच बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. तोवर प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. शिवाय प्रोसेसरची वीज मोठ्या २४ पिनांच्या केबलमधून येतच नाही. तिच्यासाठी वेगळा ८ पिनांचा कनेक्टर असतो, तोही बहुधा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला की तिथे धड बोटही जात नाही, त्यामुळे ही केबल राहून जाते. ती राहिली तरी पंखे मजेत फिरतात, दिवेही झगमगतात.

आजचं यंत्र कुठे अडलंय ते सांगतं तरी. घरी जोडलेल्या कॉम्प्युटरची पहिली पिढी तर बिचारी मुकीच होती. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला आणि हौशी लोकांनी सुट्या भागांच्या संचासाठी रांग लावली. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह डॉम्पियरने आपला संच ३० तास सोल्डरिंग करून उभा केला. मशीन चाललं, पण मेमरीत एक दोष निघाला. कारण काय, तर छापील सर्किटवरचा एक ओरखडा. तो सापडायला आणखी ६ तास गेले. अल्टेअरला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. समोरच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून एकेक बाइट मेमरीत भरायचा आणि लाल दिव्यांवरून तो तसाच परत आला का हे बघायचं. मूळ मशीनची मेमरी २५६ बाइटची होती म्हणून बरं! याच डॉम्पियरला पुढे लक्षात आलं की अल्टेअर चालू असला की शेजारचा रेडिओ खरखरतो. त्याने ती खरखर सुरात बसवली आणि ‘होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी मंडळींच्या क्लबच्या बैठकीत बीटल्सचं ‘द फूल ऑन द हिल’ रेडिओवर वाजवून दाखवलं. स्पीकर नसलेल्या मशीनला गायला लावणारा हा माणूस खरं तर आणखी प्रसिद्ध व्हायला हवा होता.

यंत्राला स्वतःची तब्येत स्वतः सांगायला घराघरांत शिकवलं ते आयबीएम पीसीने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेलं हे मशीन चालू होताच आधी स्वतःला तपासायचं. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. मेमरीत गडबड असेल तर स्क्रीनवर २०१, कीबोर्डची असेल तर ३०१. स्क्रीनचीच यंत्रणा बिघडली असेल तर आकडे दाखवणार कुठे? म्हणून बीपांची वेगळी सांकेतिक भाषा. फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये हा पीसी घडवणाऱ्या मूळच्या डझनभर इंजिनिअरांपैकी डेव्हिड ब्रॅडली यांनी त्याच्या बायोसचं काम केलं, म्हणजे वीज आल्यावर सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं. जगाला मात्र ते आठवतात कंट्रोल-आल्ट-डिलीट या तीन बटणांसाठी.

त्या बटणांचं मूळही या तपासणीतच आहे. विकासाच्या काळात मशीन सारखं अडकायचं. दर वेळी बंद करून चालू केलं की मेमरीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि ती संपेपर्यंत सगळे ताटकळत. ब्रॅडलींनी त्यावर ही पळवाट काढली. तीन बटणं दाबली की मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी १२३४ हा हेक्साडेसिमल आकडा लिहिला जातो. सुरुवातीचा प्रोग्रॅम तो आकडा बघतो आणि मेमरीची तपासणी गाळून पुढे जातो. ही सोय इंजिनिअरांपुरतीच होती, ग्राहकांसाठी नव्हतीच. एका पळवाटेचं कौतुक चार दशकं चाललंय आणि ज्या कामामुळे तिची गरज पडली, ते काम कुणाच्या लक्षातही नाही!

आयबीएमने या बायोसची संपूर्ण संहिता आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापूनच टाकली होती. वाचायला मोकळी, नकलायला बंदी. कॉम्पॅक या कंपनीने मग ती कधीही न वाचलेल्या माणसांकडून तसाच वागणारा बायोस नव्याने लिहून घेतला. पुढे असे सुसंगत बायोस इतरांनाही विकत मिळू लागले. आज कुठल्याही कंपनीचा बोर्ड, कुठल्याही कंपनीची रॅम आणि कुठलंही कॅबिनेट एकत्र जोडता येतं, त्याचं बरंचसं श्रेय या खटाटोपाला आहे.

आजच्या बोर्डांबरोबर बीपचा स्पीकर बहुधा येत नाही. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. लोकल कुठल्या स्टेशनात अडकलीय हे इंडिकेटरवर कळावं, तसं जो दिवा लागून राहिला तिथे गाडी थांबलीय. व्हीजीएचा दिवा लागला तर आधी मॉनिटरची केबल बघावी. ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डाच्या एचडीएमआयला खोचणारे खूप असतात. दरम्यान कुणी बोर्ड बदलायला सांगितलं तर ऐकू नये.

डीरॅमचा, म्हणजे रॅमचा दिवा सर्वात जास्त छळतो. रॅमच्या दोन काड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. त्यापुढचा उपाय प्रत्येक रिपेअरवाल्याला पाठ: रॅम काढा, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा, परत बसवा. कॉम्प्युटर चालू होतो आणि खोडरबराचा जयजयकार होतो. पण रॅम काढून परत बसवताना दात आणि खाचेतल्या पट्ट्या एकमेकांवर घासल्याच गेल्या ना? गुण खोडरबराचा की या घासण्याचा, हे कळायला आधी नुसती काढून बसवून बघायला हवी. तेवढ्याने काम झालं तर तो अतिशय पातळ सोन्याचा मुलामा खरवडायचा कशाला?

नव्या डीडीआर-५ रॅमची अडचण मात्र वेगळीच, आणि तिथे काही बिघडलेलंच नसतं. ६००० च्या गतीवर प्रत्येक वायरीतून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा निर्वातात जेमतेम ५ सेंटिमीटर जातो, बोर्डावरचा सिग्नल तर त्याच्या निम्माच. तेव्हा वायरींच्या लांबीतला मिलिमीटरचा फरकही हिशेबात धरावा लागतो. म्हणून पहिल्यांदा चालू होताना बोर्ड एकेका वायरीचा वेळ जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळाच राहतो. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेच्या वेळी, २०२२ मध्ये, अनेकांनी या काळ्या स्क्रीनला घाबरून मशीन बंद केलं, परत चालू केलं आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्या पाढ्यावर आणलं. अशा वेळी चहा टाकावा.

एवढं करूनही काही हललं नाही, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक काडी आणि पॉवर सप्लाय एवढंच जोडायचं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावायचं. इथे चालू झालं, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला काढलेल्या एखाद्या भागात आहे. कधी कधी बोर्ड ज्यावर टेकतो तो पितळी स्टँडऑफ चुकीच्या जागी राहून बोर्डाला खालून शॉर्ट करत असतो. मग एकेक वस्तू वाढवत न्यायची. दोन एकदम नाही. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेले असतात, आणि प्लग काढला म्हणून ते लगेच उतरत नाहीत.

राहता राहिली एक शक्यता: सगळेच भाग ठणठणीत आहेत, पण दुकानातला बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना आहे. बोर्डातल्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. बायोस नवा करायचा तर मशीन चालू व्हायला हवं, आणि मशीन चालू व्हायला बायोस नवा हवा. २०१८ मध्ये एएमडीचे काही नवे रायझन प्रोसेसर घेणारे असेच अडकले, तेव्हा कंपनीने ग्राहकांना चक्क एक जुना प्रोसेसर उसना पाठवला. तो बसवा, बायोस अद्ययावत करा आणि परत धाडा! आता कित्येक बोर्डांवर त्यासाठी वेगळं बटण असतं, आणि प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतो.