थोरली फियाट, धाकटी सुमो

आमच्या कुटुंबात दोन म्हाताऱ्या मोटारी आहेत. एक १९७० सालची फियाट अकराशे. तिचा मुक्काम पुण्यात, माझ्याकडे. दुसरी १९९८ सालची टाटा सुमो. ती आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेस असलेल्या आमच्या लोणी गावी काकांच्या गोठ्याशेजारी उभी असते. दोघींचा खर्च आता झेपत नाही. एक काढायची, एवढे घरात ठरले आहे. पण कोणती?

तशा दोघीही महाराष्ट्राच्याच लेकी. फियाट तयार होत असे कुर्ल्याला, शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीत. सुमो १९९४ साली बाजारात आली ती पुण्याच्या कारखान्यातून. तिचे नाव पुष्कळांना जपानी पहिलवानाचे वाटते. वास्तविक ते सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावांच्या पहिल्या अक्षरांचे!

फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. गियरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली. तिच्यात बसताना आईच्या नऊवारीची घडी मोडत नसे. वडील खेड घाटाच्या पायथ्याशी थांबून रेडिएटरमधले पाणी पाहत आणि मगच घाट चढत. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली मोटार ती. तिला जपण्याची ही रीतच होती.

सुमोत बसायचे नसते, चढायचे असते. पुढे तीन, मधे तीन आणि मागे समोरासमोर चार, अशी दहा माणसे तिच्यात सरळ हिशेबाने मावतात. लोणीच्या हिशेबाने किती, ते विचारू नका! जवळजवळ दोन लिटरचे डिझेल इंजिन, खाली भक्कम लोखंडी सांगाडा. कांद्याच्या गोण्या असोत की वऱ्हाडी, तिची तक्रार नसते.

माझे बंधू म्हणतात, फियाट ठेवा, तिला मान आहे. खरेच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेली, मूळ रूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीला २०,००० रुपये पडतात. मात्र असा मान मिळालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिची मोकळीक. सुमोला मान कसला? पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहायचे.

परंतु रात्री दोन वाजता लोणीतल्या एखाद्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघते ती सुमोच. काकू सांगत होत्या, दारावर थाप पडली की काका चपलेआधी किल्ली शोधतात.

म्हणून माझे मत सुमोला. फियाट एखाद्या शौकीन गृहस्थाकडे जावी; त्याने तिला पुसावे, मिरवावे. तिला आता विश्रांतीच शोभते. लोणीला अजून गाडीची गरज आहे.