दौलताबादचा कागद, पुण्याचे झायलनेज

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तिच्यामागोमाग कागजी कारागीर आले आणि इथे वसले, असे परंपरेने सांगितले जाते. दौलताबादी कागदाचे नाव त्यांनीच कमावले. हा कागद चिंध्यांचा. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्यात लाकडाला ताठ आणि तपकिरी ठेवणारे लिग्निन नसल्यात जमा. भिजवा, कुटा, धुवा, लगदा पुरेसा उजळ होतो.

अडचण सुरू झाली ती कच्चा माल बदलल्यावर. बांबू, लाकूड, उसाचा बगॅस या सगळ्यांत सेल्युलोजच्या धाग्यांना लिग्निन चिकटलेले असते आणि दोघांच्या मध्ये झायलन नावाची साखरेची साखळी. झायलोज या पाच कार्बनांच्या साखरेचे मणी एकामागोमाग जोडलेले आणि बाजूने फांद्या फुटलेल्या, अशी तिची रचना. लगदा पांढरा करायला गिरण्या क्लोरीन ओतत. गिरण्यांच्या सांडपाण्यात विषारी डायॉक्सिन सापडू लागले आणि १९८० च्या दशकात जगभर ओरड झाली. १९८६ मध्ये फिनलंडच्या लीसा वीकारी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की झायलन तोडणारे एन्झाइम, म्हणजे झायलनेज, आधी लगद्यावर चालवले तर पुढे क्लोरीन कमी लागते. साखळी तुटली की अडकलेले लिग्निन बाहेर पडायला वाट मिळते.

यात एक अट होती, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या कामाची किल्ली तीच. झायलनेजसोबत सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारे एन्झाइम, येता कामा नये. ते आले तर ज्या धाग्याचा कागद करायचा तोच तुटतो. निसर्गात मात्र पालापाचोळा कुजवणारे बरेच जीवाणू आणि बुरशी दोन्ही एन्झाइमे एकत्रच सोडतात. त्यांना कागद थोडाच करायचा असतो!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, सेल्युलेजविरहित झायलनेजच्या शोधाला आधीपासूनच सुरुवात झाली होती. तिथल्या चैनिया या सूक्ष्मजीवाच्या एका वाणाचे झायलनेज सेल्युलेजविरहित निघाले आणि त्यातले एक तर जेमतेम ६ हजार डाल्टनचे, या कुळात विलक्षण लहान. लहान असणे इथे गुणच, कारण लगद्याच्या बारीक छिद्रांत शिरायचे असते. दुसरा उमेदवार संस्थेच्या सूक्ष्मजीव संग्रहातला बॅसिलस, क्रमांक एनसीआयएम ५९. अल्कधर्मी माध्यम आणि उष्णता दोन्ही सोसणारा. गिरणीतला लगदा कढत आणि अल्कलीने भिजलेला असतो, म्हणून ही निवड. १९९२ मध्ये माला राव यांच्या गटाने त्याची झायलनेजे शुद्ध करून त्यांचे गुणधर्म मांडले.

१९९३ मध्ये अभय शेंड्ये आणि माला राव यांनी या बॅसिलसची झायलनेजची जनुके ई. कोलाय जीवाणूत घालून दाखवली. ई. कोलाय स्वतः झायलन खात नाही, सेल्युलोजही नाही. त्यामुळे त्याच्या वाढमाध्यमात झायलन तोडणारे जे काही मिळेल ते आपण घातलेल्या जनुकाचेच. बॅसिलसच्या मिश्रणातून एकेक एन्झाइम वेगळे करायची खटपट वाचते आणि कोणता तुकडा कोणी कापला याचा संशय उरत नाही. शिवाय ई. कोलाय सहसा परके प्रथिन पेशीतच कोंडून ठेवतो. इथे ते बाहेर माध्यमात उतरले. पेशी फोडायच्या भानगडीतून सुटका ही प्रयोगशाळेत राबणाऱ्याला केवढी मोठी गोष्ट असते, हे शोधनिबंधाच्या कोरड्या वाक्यांतून कळत नाही.

१९९६ मध्ये नीता कुलकर्णी आणि माला राव यांनी याच बॅसिलसचे झायलनेज बगॅसच्या लगद्याच्या विरंजनासाठी वापरून पाहिले. उसाच्या राज्यात बगॅस निवडणे मला नुसत्या सोयीचे वाटत नाही. आयता फिनिश प्रयोग गिरवण्यापेक्षा आपल्या मालावर तो तपासणे वेगळे. १९९९ मध्ये कुलकर्णी, शेंड्ये आणि राव या तिघांनी झायलनेजवरचा विस्तृत आढावा लिहिला, आणि या विषयात पाऊल टाकणाऱ्यांना तो आजही वाचावा लागतो.

गिरण्यांचे काय झाले? जगभरच्या बहुतेक मोठ्या गिरण्या क्लोरीन सोडून क्लोरीन डायॉक्साइडकडे वळल्या. झायलनेज बाजारात आले, टिकले, पण जोडीदार म्हणून. एकट्याने क्लोरीन हटवायचे श्रेय त्याला मिळाले नाही. तेव्हाच्या आशा आज वाचताना जरा फुगलेल्या वाटतात.

झायलनेजला नवे काम इंधनाने दिले. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला; त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. पेंढ्यातल्या साखळ्या तोडताना सेल्युलेज आणि झायलनेज दोन्ही हवीच असतात, कारण इथे धागा वाचवायचा नसतो. गिरणीतली अट इथे उलटी झाली. आपल्या साखर कारखान्यांतला बगॅस मात्र अजून मुख्यतः बॉयलरमध्येच जळतो.