कीर्तन मधात कापू नोको

सबंध तबकडीभर एकच विषय, गाण्यामागून गाणं त्याच धाग्यात ओवलेलं, शेवट ऐकल्याशिवाय सुरुवातीचा अर्थ लागत नाही. पाश्चात्त्य संगीतात याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात. 1970च्या दशकात प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणाऱ्यांनी हा प्रकार खूप वाढवला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट त्यांनी मोडली. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मधेच संथ, मधेच वेगवान, गिटारबरोबर ऑर्गन आणि सिंथेसायझर.

जर्मनीतल्या हँबुर्गच्या नोव्हालिस या बँडने 1979 मध्ये ‘फ्लॉसनएंगल’ नावाची अशीच तबकडी काढली. नायक अटलांटो, समुद्रातला एक जीव. तो माणसाच्या जाळ्यात सापडतो आणि मुक्या जिवाचं गाऱ्हाणं तबकडीभर चालतं. काळही तसाच होता. जानेवारी 1980 मध्ये जर्मनीत ‘ग्रीन’ पक्ष स्थापन झाला आणि 1982 साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. या बँडची मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळी आहे. पहिला अल्बम त्यांनी इंग्रजीत केला, कारण रॉक म्हणजे इंग्रजी हा तेव्हाचा शिरस्ता. पुढे ते आपल्या जर्मनकडे वळले. आपल्या माणसांना सांगायचं तर आपल्या बोलीत.

अमरावतीत माझं कॅसेटचं दुकान होतं. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने ती तबकडी टेपवर भरून आणली, तेव्हा भाषेचं अक्षर कळत नव्हतं. तरी ऐकता ऐकता मला गाडगेबाबाच आठवले, आणि त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. एक विषय धरून दोन-दोन तास माणसं खिळवून ठेवायची, सुरात सांगायचं, मुक्या जनावराची बाजू घ्यायची, हे वऱ्हाडात कधीचंच झालेलं आहे.

गाडगेबाबा, म्हणजेच डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. लहानपण मामाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, गुरं राखण्यात आणि शेतीत गेलं. 1905 मध्ये घर सोडलं, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. त्यांच्या कामाचा क्रम नीट पाहा. गावात पोचले की आधी रस्ता झाडायचा, नाली उपसायची. एक म्हातारा झाडतोय म्हटल्यावर चार माणसं लाजून हात लावत. मग संध्याकाळी, त्याच झाडलेल्या जागी, कीर्तन. दिवसभर ज्यांनी घाण उचलली तेच समोर बसलेले असत, म्हणून स्वच्छतेचा शब्द त्यांना उपदेश वाटत नसे. माझ्या मते बाबांच्या कीर्तनाची अर्धी ताकद या क्रमात होती.

उरलेली अर्धी त्यांच्या वऱ्हाडी बोलीत. पोथी नाही, संस्कृत नाही. बाबा सवाल टाकत, हजारो माणसं एका आवाजात जबाब देत, त्या जबाबातून पुढचा सवाल निघे, आणि मधेच गोपालाची धून उसळे. जत्रेत देवापुढे बकरा-कोंबडं कापण्यावर ते असे सवाल करत की हो म्हणणाऱ्याची जीभ अडखळे. मुक्या प्राण्यांना अभय द्या, हे त्यांच्या शिकवणुकीतलं ठळक कलम. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभं केलं, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. नदी, जनावर, रस्ता, माणूस हे सगळं एकाच कीर्तनात येई. आज त्याला आपण पर्यावरण म्हणतो.

8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर 42 दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. ते ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे, हे भाग्यच.

दुकानात त्याची मागणी कायम असे. सिनेमाच्या गाण्यांना 60ची कॅसेट पुरे, कीर्तनवाला 90ची मागायचा. तरीही 45 मिनिटांनी बाजू पलटतेच. दर्यापूरकडचे एक आजोबा काउंटरवर हात टेकवून म्हणाले, “भाऊ, मधात कापू नोको. बाबा सवाल करते अन् जवाब दुसऱ्या बाजूले जाते, तसं नाई पायजे.” मग आधी सगळं ऐकायचं, धून संपते ती जागा आकडेयंत्रावर टिपायची, आणि तिथेच टेप थांबवायचा. कॅसेटचा मागचा थोडा भाग कोरा राहिला तरी चालेल. कन्सेप्ट अल्बम म्हणजे काय, हे त्या आजोबांइतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

तुकडोजी महाराजांची खंजिरी हाच धागा पुढे नेते. यावलीत 1909 मध्ये जन्मलेल्या या माणसाने मोझरीला गुरुकुंज उभारला आणि 41 अध्यायांच्या ग्रामगीतेत गावाची शुद्धी, आरोग्य, निर्माण असे अध्यायच लिहिले.

या परंपरेचा जोर ओसरला असं मी मानत नाही. 13 जानेवारी 2018 रोजी अकोल्यात मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर सहा हजारांवर माणसं उतरली आणि हातांनी जलपर्णी उपसू लागली. पुढे दर शनिवारी हे काम करायचं ठरलं. पण सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेच जलपर्णीचं खाद्य. ते नदीत पडत राहिलं तर उपसलेली जलपर्णी पुन्हा येणारच. बाबा एका गावात एकदाच झाडून थांबले नाहीत, जन्मभर झाडत राहिले.

वऱ्हाडात अजून कितीतरी घरांत माळ्यावर कीर्तनाच्या, खंजिरी भजनांच्या कॅसेट पडून आहेत. अकोल्याच्या 45 अंशांत टेप ताणतो, पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी चढते. बुरशी दिसली तर कॅसेट घरच्या यंत्रात मुळीच लावू नका, टेप तुटतो आणि यंत्राचं हेडही खराब होतं. चांगली असेल तर एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवा आणि मगच वाजवा. जाणकाराकडून ती संगणकावर उतरवून घ्या, त्यावर गाव, तारीख आणि कीर्तनकाराचं नाव लिहा. आणि उतरवणाऱ्याला बजावून सांगा, मधात कापू नोको.